पाठ न केलेले शब्द

सांगलीत आमच्या घराजवळच्या वाचनालयाला एक अभ्यासिका जोडलेली आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी मी तिथे जाऊन बसते. पंख्याखाली निवांत वाचता येते, आणि भोवती विशी-बाविशीतली मुले मान खाली घालून अभ्यास करीत असली की आपलेही मन भटकत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर जत तालुक्यातून शिकायला आलेली एक मुलगी बसू लागली. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होती. तिच्यापाशी एक जाड वही होती आणि तिच्या प्रत्येक पानावर चार उभे रकाने आखलेले होते: इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, समानार्थी शब्द आणि लाल शाईने विरुद्धार्थी शब्द. एका हाताने अर्थाचा रकाना झाकून ती ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत असे. एके दिवशी तिची नजर माझ्या हातातल्या कादंबरीवर गेली. तिने पुस्तक मागून घेतले, मधलेच एक पान उघडले, थोडा वेळ वाचले, ते मिटून माझ्यापुढे ठेवले आणि आवाज न करता विचारले, “काकू, किती शब्द पाठ झाले की असलं पुस्तक वाचता येतंय?”

तो प्रश्न बरेच दिवस माझ्या मनातून गेला नाही. तिने तो मनापासून विचारला होता आणि तिला उत्तर आकड्यात हवे होते, कारण तिचा सगळा अभ्यास आकड्यांवरच चालतो. गंमत म्हणून नव्हे, तर खरोखरच असा आकडा उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये तो मांडला. कोशाची मदत न घेता इंग्रजी कादंबरी समजायची असेल, तर तिच्यातील १०० शब्दांपैकी ९८ आधीपासून माहीत असावे लागतात, आणि त्यासाठी ८ ते ९ हजार शब्दकुळांची ओळख लागते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली सगळी रूपे. रोजच्या वापरातली पहिली २ हजार कुळे साधारण मजकुराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग व्यापून टाकतात. पुढची हजारो कुळे शिकायची ती उरलेल्या थोड्याशा भागासाठी. ३०० शब्दांच्या पानावर ९८ टक्के शब्द माहीत असले तर ६ ठिकाणी अडते, ९५ टक्के असले तर १५ ठिकाणी. ऐकायला हा फरक थोडा वाटतो. वाचताना मात्र पहिल्या पानावर गोष्ट पुढे सरकते आणि दुसऱ्यावर ती हातातून सुटते. शिवाय मोठ्या कादंबरीत जितके वेगवेगळे शब्द असतात, त्यांपैकी जवळजवळ निम्मे संपूर्ण पुस्तकात एकेकदाच येतात. ते आधी पाठ करायचे तर कोणते करायचे, हे पुस्तक वाचून झाल्याशिवाय कळणारच नाही.

हे सगळे मला त्या मुलीला सांगता आले असते, पण त्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर झाले नसते. तिच्या वहीबद्दल माझ्या मनात अनादर नाही. त्या वहीतून नोकरी मिळते, धाकट्या भावंडांची शिक्षणे होतात, आईवडिलांचे औषधपाणी होते. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलीने आधी कादंबरी वाचावी आणि मग परीक्षेचे पाहावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही ती वही पाहताना मला वाईट वाटत असे. सांगलीलगतच्या आमच्या हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवे, म्हणजे साठवणीचे खड्डे, असत. तोंड बंद केले की आतली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिके, पण टिकली तरी ती कोणाच्या जेवणात येत नसे. तिच्या वहीतले शब्द मला तसे वाटत. ते शाबूत होते आणि परीक्षेच्या दिवशी बाहेरही निघणार होते, परंतु कोणी माणूस रागाने, लोभाने किंवा मायेने तो शब्द उच्चारतो आहे असे तिने कधी ऐकलेले नव्हते.

मी स्वतः कवठे महांकाळकडच्या एका खेड्यात वाढले. इंग्रजी पहिलीपासून शिकवायला २००० साली सुरुवात झाली. आमच्या वेळी ती पाचवीत येत असे. वडील जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होते. सरकारी कागदावर हे नाव असले तरी सारे गाव त्यांना ‘ड्रेसर’च म्हणे. घरात इंग्रजीशी संबंध असलेली दोनच पुस्तके होती, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि पुठ्ठा निघालेला वीरकरांचा कोश. पुढे सांगलीला विलिंग्डन महाविद्यालयात इंग्रजी विषय घेतला, पण त्या काळी आमच्यासारखी मुले कादंबरीपेक्षा तिच्यावरचे मार्गदर्शकच अधिक वाचीत असत. मग दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी लागली आणि दस्त, मुद्रांक, साक्षीदार, अंगठे यांत आयुष्याची वर्षे गेली. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या मी खऱ्या अर्थाने वाचू लागले ते निवृत्तीनंतर, आणि त्या वाचताना जे शब्द मला कायमचे मिळाले, त्यांतले फारच थोडे यादीतून आले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण माझ्यापुरते थॉमस हार्डीचे आहे. त्याची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही कादंबरी १८७४ मध्ये एका मासिकातून महिन्याला एक भाग अशी वर्षभर प्रसिद्ध झाली. हार्डी डॉर्सेटमधल्या एका खेड्यातला, गवंडीकाम करणाऱ्याचा मुलगा. त्यामुळे त्याची भाषा दोन टोकांवर वावरते. एका वाक्यात तो ग्रीक पुराणातला दाखला देतो आणि पुढच्याच वाक्यात मेंढपाळाच्या झोपडीतल्या वस्तूंची नावे घेऊ लागतो. पहिल्या टोकाचे शब्द परीक्षेच्या याद्यांत सापडतात. दुसऱ्या टोकाचे तिथे कधीच नसतात. ‘हर्डल’ म्हणजे शर्यतीतला अडथळा एवढेच मला ठाऊक होते. हार्डीच्या पुस्तकात मात्र हर्डल म्हणजे काठ्यांचे विणलेले, उचलून दुसरीकडे नेता येणारे कुंपण. मेंढ्या रात्री शेतात कोंडायच्या असल्या की ते चारी बाजूंनी उभे करतात. हे वाचताना मला आमच्या शिवारात उतरणारे धनगर आठवले. ते वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढरे बसवीत, शेताला लेंडीखत मिळे आणि धनगराला धान्य. डॉर्सेटच्या चुनखडीच्या टेकड्यांवरही शेतात मेंढ्या बसवण्याचे कारण हेच होते. ‘रिक’ म्हणजे गंजी, आणि गंजीला आग लागल्यावर गावभर होणारी पळापळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. गंजीच्या बुडाशी आग शिरली की वरून ओतलेले पाणी तिथवर पोहोचत नाही, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

या कादंबरीच्या एकविसाव्या प्रकरणात मेंढ्या कुंपण मोडून कोवळ्या क्लोव्हरच्या शेतात शिरतात. क्लोव्हर म्हणजे तीन पानांचे एक गवत, एवढे कोणत्याही कोशात मिळते. तेवढ्यावर थांबणाऱ्या वाचकाला पुढचा गोंधळ अनाकलनीय वाटेल: गवत खाऊन मेंढ्या का मरू लागल्या, माणसे धावत का आली, आणि ज्या गॅब्रिएल ओक या मेंढपाळाला शेताची मालकीण बाथशिबा हिने नुकतेच कामावरून काढून टाकले, त्याच्याशिवाय कोणालाच काही करता का येत नाही? क्लोव्हर आणि आपल्याकडचा लसूणघास एकाच कुळातले. असा कोवळा, ओला चारा जनावराने अधाशासारखा खाल्ला की कोठीपोटात फेस धरतो, वायू ढेकरेवाटे बाहेर पडत नाही, डावी कूस फुगत जाते, फुगलेले पोट छातीवर दाबते आणि जनावर गुदमरते. ओक येतो तो एक नळी आणि तिच्या आत बसणारे टोकदार पाते घेऊन. तो मेंढीच्या डाव्या कुशीवर नेमकी जागा शोधतो, पाते नळीसकट आत घालतो, पाते काढून घेतो आणि नळी जागेवर ठेवतो; कोंडलेला वायू नळीतून बाहेर पडतो. हार्डी त्या हत्याराला ‘ट्रोकार’ म्हणतो.

माझ्या वडिलांच्या पिशवीत ते हत्यार होते.

ते कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलेले असे आणि आम्हां मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. पावसाळ्यात, दव पडलेला घास खाऊन म्हैस फुगली की रात्री-अपरात्री कोणीतरी कंदील घेऊन दारात येई. वडील आधी गोडेतेलात टर्पेंटाइन घालून बाटलीने पाजीत, डाव्या बाजूला बोटांनी वाजवून पोकळ आवाज येतो का पाहत, जनावराला चढणीकडे तोंड करून उभे करीत. इतके करूनही ते खाली बसू लागले, जीभ बाहेर आली, की मग भकाळीवर, म्हणजे कुशीतल्या खळगीवर, अंगठ्याने जागा ठरवून ट्रोकार घालीत. लहानपणी एकदा मी कंदील धरायला सोबत गेले होते. नळीतून वायू सुटताना होणारा लांबलचक आवाज आणि अर्धवट कुजलेल्या चाऱ्याचा तो उग्र वास मला आजही स्पष्ट आठवतो. म्हैस उठून उभी राहिल्यावर घरधनी काही बोलला नव्हता. त्याने आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग वडिलांच्या पायांवर डोके ठेवले.

हार्डीच्या त्या पानावर मला न कळलेले शब्द पुष्कळ होते. तरीही ओकचा हात कुठे जाणार आहे, तो का थांबला आहे, दोन बोटे इकडेतिकडे झाली तर काय होईल, हे मला वाक्य पूर्ण होण्याआधी कळत होते. पुढे हार्डी हिशोब देतो: एकूण ५७ मेंढ्या, त्यांपैकी ४९ जणींवरची शस्त्रक्रिया यशस्वी, एकीच्या वेळी हात चुकला आणि ती गेली, चार आधीच मेल्या होत्या, तीन आपोआप बऱ्या झाल्या. एवढा चोख हिशोब जनावरांचा दवाखाना जवळून पाहिलेला माणूसच देऊ शकतो असे मला वाटले आणि फार आनंद झाला. त्याचबरोबर चुटपुटही लागली, कारण वडील तेव्हा हयात नव्हते. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी पुस्तकात त्यांच्या हातचे काम जसेच्या तसे लिहिलेले आहे, हे त्यांना ऐकवायला मिळाले असते तर मला आणखी काही नको होते.

कठीण शब्द माणसाच्या मनात कसे जातात याचा विचार करताना मला नेहमी माझी आजी आठवते. श्रावणात आमच्या सोप्यात श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ लागत असे. वाचणारे गावातले एक वयस्कर गृहस्थ होते आणि ऐकणाऱ्या बायका बहुतेक निरक्षर. कोदंड, किरीट, वारू, अक्षौहिणी, असे शब्द त्या ओव्यांमधून सारखे येत. आजीने कोणाला कधी अर्थ विचारला नाही. पण अभिमन्यूचे चाप तुटले की तिचे डोळे भरून येत आणि कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले की ती हातातली वात तशीच धरून थांबे. कोदंड म्हणजे काय असे तिला विचारले असते, तर तिने व्याख्या केली नसती. ते कोणाच्या हातात होते आणि केव्हा गळून पडले, ते सांगितले असते. अर्थ आपोआप येतात असे यावरून कोणी म्हणू नये. आजी तीच पोथी दर वर्षी ऐकत होती, तीच ओवी अनेक श्रावणांतून तिच्या कानांवर गेली होती, आणि मधल्या काळात जात्यावर, शेतात, बायकांच्या बोलण्यात त्या कथा पुन्हा पुन्हा येत होत्या. श्रम होते, पण ते रकान्यांतले नव्हते.

हे ओळखल्यापासून मी एक प्रकरण आधी सलग वाचते, कितीही अडले तरी कोश उघडत नाही, आणि जे शब्द गोष्टीला अडवून धरतात त्यांच्याखाली फक्त पेन्सिलीची रेघ ओढते. दुसऱ्या वाचनात त्या रेघांपैकी बऱ्याच निरर्थक ठरतात, कारण अर्थ पुढच्या पानावर मिळालेला असतो. उरलेल्या शब्दांसाठी कोश. वहीत मी शब्द लिहीत नाही, तो ज्या वाक्यात आला ते अख्खे वाक्य लिहिते, आणि ते कोण कोणाला म्हणाले तेही. शिवाय मोठ्याने वाचते. जुन्या इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद लवकर येऊन जातात आणि त्यामागून उपवाक्यांची रांग लागते. आपण मराठी माणसे क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबायला सरावलेलो असतो. ही उलटी चाल डोळ्यांपेक्षा जिभेला आधी जमते, असा माझा अनुभव आहे.

अनोळखी शब्द तरी आपण होऊन थांबवतात. खरी काळजी घ्यावी लागते ती ओळखीच्या शब्दांची. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथ आपल्या थोरल्या बहिणीच्या, जेनच्या, ‘कँडर’ची वाखाणणी करते. आज या शब्दाचा अर्थ स्पष्टवक्तेपणा. तो अर्थ धरून वाचले तर जेन ही तोंडावर खरे बोलणारी मुलगी ठरते आणि तिचा सगळा स्वभावच उलटा होऊन बसतो. १८१३ मध्ये, ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा, त्या शब्दात दुसऱ्याविषयी उदारपणे मत बनवण्याचा गुण होता. आणि ऑस्टिन ते तिथेच स्पष्ट करते, कारण जेन प्रत्येकाच्या स्वभावातले चांगले तेवढे घेते, ते आणखी चांगले करून सांगते आणि वाईटाविषयी बोलत नाही, असे एलिझाबेथच म्हणते. तसेच ‘कॉन्डिसेन्शन’चे. आज कोणी आपल्याशी तसे वागले तर आपल्याला अपमान वाटतो; त्या काळी थोरामोठ्यांनी आपले थोरपण बाजूला ठेवून सामान्यांशी गोड वागणे असा त्याचा अर्थ होता, आणि म्हणून त्याच कादंबरीतले पाद्री मिस्टर कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या या गुणाचे पोवाडे गातात. परीक्षेच्या यादीत हे दोन्ही शब्द आजच्या अर्थाने पाठ केलेली मुलगी या पानांवर कुठेही अडखळणार नाही, आणि न अडखळता चुकीच्या माणसांना भेटून येईल.

अशा ठिकाणी कोणता कोश उघडायचा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शब्दाचे अर्थ कालक्रमाने आणि अवतरणांसह देणारा मोठा ऑक्सफर्ड कोश १८८४ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागला आणि १९२८ मध्ये पूर्ण झाला. त्याला तोड नाही. परंतु मराठी वाचकापाशी आणखी एक साधन आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आपण जाणतो. १८३१ चा पहिला आणि १८५७ चा वाढवलेला. त्यांनीच सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश प्रकृतीमुळे त्यांच्या हातून पुरा झाला नाही. तो मेजर टॉमस कँडी यांनी, मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांनी, पूर्ण केला आणि तो १८४७ मध्ये मुंबईत छापला गेला. ब्राँटे भगिनींपैकी दोघींच्या सर्वांत गाजलेल्या कादंबऱ्या लंडनमध्ये प्रसिद्ध झाल्या ते हेच वर्ष. म्हणजे ज्या इंग्रजीत त्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्याच इंग्रजीचे अर्थ, आपल्या खापरपणजोबांच्या तोंडच्या मराठीत, तिथे नोंदलेले आहेत. मी तो कोश उघडते तेव्हा पुष्कळदा अडलेला इंग्रजी शब्द आधी कळतो आणि मग त्याच्यासमोरच्या मराठी शब्दांपाशी मी थांबते, कारण त्यांतले काही मी आजीच्या मृत्यूनंतर कोणाच्याही तोंडून ऐकलेले नसतात. एका परक्या भाषेच्या जुन्या शब्दांसाठी इतके कष्ट घेताना आपल्या भाषेतले जुने शब्द मागे पडत आहेत, ही खंत तेव्हा नाहीशी होत नाही; उलट वाढते. पण त्या खंतीमुळे इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवावे असेही मला वाटत नाही, कारण मला त्या कोशाकडे नेले ते त्याच पुस्तकाने.

या कृष्णाकाठी अशा वाचनाची परंपरा जुनी आहे. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आज टेंभू म्हटले की उपसा सिंचन योजना आठवते आणि खानापूर-आटपाडीकडे गेलेले पाणी. १८५६ मध्ये त्या गावात जन्मलेल्या, गरिबीत शिकलेल्या या माणसाने शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणले आणि ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग तोपर्यंत छापूनही झालेला नव्हता. गोविंद बल्लाळ देवल सांगलीला खेटून असलेल्या हरिपूरचे. त्यांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले ते १८९० मध्ये. या दोघांचा हेतू इंग्रजी शब्द जाणण्यापुरता नव्हता. ते शब्द नाट्यगृहातल्या मागच्या रांगेत बसलेल्या, इंग्रजीचे अक्षरही न शिकलेल्या माणसाला मराठीत ऐकू यावेत, एवढ्या आतपर्यंत त्यांना ते समजून घ्यायचे होते. शब्दज्ञानाची याहून कठीण परीक्षा मला ठाऊक नाही.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीला मी शेवटी आकडा सांगितला नाही. एका रविवारी आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो आणि मी तिला हार्डीचे ते एकविसावे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले, अडेल तिथे मराठीत सांगत. तिच्या घरी शेळ्या आहेत. ‘क्लोव्हर’ मी समजावून सांगू लागले तेव्हा तिने मला थांबवले आणि म्हणाली, “कोवळा घास खाल्ला असंल. आमच्या दोन करडांचं असंच झालं हुतं.” मग तिने विचारले ते शब्दांविषयी नव्हते. बाथशिबाने ओकला परत बोलावताना आधी हुकूम सोडला आणि तो आला नाही, याचा तिला राग आला होता. जनावरे मरत असताना त्याने मानापमान धरून बसावे का, आणि तिने तरी आधीच नीट निरोप का पाठवला नाही, यावर ती बराच वेळ बोलली. त्या ओघात तिने दोन-तीन इंग्रजी शब्द वापरले, तेही योग्य जागी, आणि ते तिच्या वहीत नव्हते. परीक्षा जवळ आली तशी ती पुन्हा वहीकडे वळली आणि तेच बरोबर होते.

माझ्या नोकरीचाही या वाचनाला असाच उपयोग झाला. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत इस्टेटीचे शब्द फार. एन्टेल, जॉइंचर (विधवेसाठी नेमून ठेवलेली मिळकत), ॲन्युइटी (वर्षासन), कोडिसिल (मृत्युपत्राची पुरवणी). साहित्य म्हणून पुस्तक उघडणारा वाचक या शब्दांवरून भराभर पुढे जातो, पण अर्ध्या पात्रांची आयुष्ये याच शब्दांना बांधलेली असतात. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधले जेन-एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट यांचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, मात्र मिळकत एन्टेल केलेली. म्हणजे ती पुरुष वारसाकडेच जायची, आणि मुलगा नसल्याने पाच मुली असताना ती दूरच्या नातलगाकडे जाणार. जेन आणि एलिझाबेथ आईला हा कायदा पुन्हा पुन्हा समजावतात, तिला तो कधीच समजत नाही आणि ती त्याच्या क्रूरपणाबद्दल तक्रार करीत राहते. ऑस्टिनला इथे वाचकाने हसावे असे वाटते. मी हसू शकत नाही.

आमच्या कार्यालयात दिवाळीनंतरच्या आठवड्यात हक्कसोडपत्रांची गर्दी होत असे, कारण भाऊबिजेला बहिणी माहेरी आलेल्या असत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीने मान्य झालेला आहे, हे त्यांतल्या कित्येकींना ठाऊक असे. तरी त्या येत, मोबदला न घेता हक्क सोडत असल्याचे मान्य करीत, आणि राजीखुशीने देता का, या प्रश्नाला मान हलवीत. एकीने अंगठा उठवल्यावर शाई पदराला पुसत मला विचारले होते, “आता माहेर राहतंय न्हवं?” तिचा भाऊ शेजारीच उभा होता आणि वाईट माणूस नव्हता, त्याने तिच्यासाठी बाहेरून रसाचा पेला आणून ठेवला होता. लाँगबोर्नच्या त्या बेनेट मुलींना कायदा काही देत नव्हता. आमच्याकडे कायदा देतो आणि रीत काढून घेते. एन्टेलचे कायदेशीर स्वरूप मिसेस बेनेटला समजत नाही हे खरे, पण आपल्यामागे पाच मुलींना राहते घर सोडावे लागेल, हे त्या घरात सगळ्यांत स्पष्टपणे तिलाच समजलेले आहे. मिस्टर बेनेट ग्रंथालयात बसून विनोद करतात. समीक्षकांनी त्यांच्या विनोदाचे जेवढे कौतुक केले आहे, तेवढी तिची बाजू कोणी घेतलेली माझ्या वाचनात नाही.

सध्या मी जॉर्ज इलियटची ‘मिडलमार्च’ वाचते आहे. ती १८७१ च्या डिसेंबरपासून वर्षभरात आठ भागांत प्रसिद्ध झाली होती, आणि मूळ वाचकांना दोन भागांमध्ये थांबावे लागले तसे मीही थांबते. शब्द मुरायला तेवढा वेळ लागतोच. पाचव्या भागाचे नाव ‘द डेड हँड’ आहे. नायिका डोरोथियाचा वयस्कर नवरा केसॉबन मरतो आणि त्याच्या मृत्युपत्राला जोडलेले कोडिसिल उघडते: डोरोथियाने त्याच्या नात्यातल्या तरुण विल लॅडिस्लॉशी लग्न केले तर तिला मिळकत मिळणार नाही. मृत्युपत्राला पुरवणी जोडून बायकोला पुनर्विवाह न करण्याच्या अटीवर हयातीपुरता हक्क देणारे दस्त मी नोंदवून घेतले आहेत, त्यामुळे तो शब्द वाचताच त्या कागदाची जाडी आणि त्यावरचे शिक्के माझ्यापुढे आले. अशी अट घालणारा नवरा एकच गोष्ट धरून चालतो, की बायको जमिनीसाठी थांबेल. आमच्याकडच्या बहुतेक जणी थांबल्या. त्यांना दुसरी वाट नव्हती. डोरोथियाकडे स्वतःचे थोडे उत्पन्न आहे. ती काय करते ते पुढच्या तीन भागांत आहे.